कमानीवर न चढणारी मधुमालती

गावात कुणाच्या अंगात आलं की मी थर्मामीटर घेऊन जातो, अशी माझी ख्याती आहे. त्यापायी दोन-तीन घरांत मला चहासुद्धा विचारत नाहीत. मी शाळेत विज्ञान शिकवतो. तेव्हा असलं काही माझ्याच घरी घडलं, हे लिहिताना लाज वाटते... पण घडलं.

कुरुंद्यात आमचं घर. फाटक पूर्वेला, त्यावर लोखंडी कमान. माझ्याच देखरेखीखाली केलेली, त्यामुळे जरा वाकडी. फाटकाजवळच्या कोपऱ्यात मधुमालती. ज्यांनी लावली असेल त्यांना माहीत आहे, ही वेल नाही, अतिक्रमण आहे. तिने कमानीवर चढावं, उन्हात फुलावं, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वा म्हणावं, असा माझा बेत. ती मात्र भिंत धरून उत्तरेच्या खिडकीकडे निघाली. तिथे कडुलिंबाची इतकी दाट सावली की खोलीत दिवसा लाईट लावावा लागतो.

त्याच खोलीत, पोळ्याच्या सुमारास, आमची पल्लवी बाळंतपणाला आली. गेल्या वर्षी तिचं एक बाळ पोटातच गेलं होतं. घरात सगळेच जपून बोलत होतो.

मी छाटणीची कैची काढली, तशी आमची मंडळी, म्हणजे सुमन, आडवी आली.

“दोन जीवांची पोर घरात अन् तुमी हिरवी वेल कापून राहिले?”

“अगं, खिडकी झाकली सगळी. उद्या साप येईल आत.”

“आला तर त्याला विज्ञान शिकवा. कैची ठेवा खाली.”

कापायचं नाही, तर वळवायचं. शाळेतून आलो की मी शिडी लावून शेंडे खिडकीवरून सोडवायचो, कमानीवर न्यायचो आणि सुतळीने बांधायचो. गाठ सैल, वेलीला काचू नये म्हणून. सकाळी बघावं तर सगळे शेंडे परत खिडकीवर! आणि सुतळ्या तुटलेल्या नाहीत—सोडलेल्या. कमानीवर ओळीने लटकत होत्या, कुणी वाळत घातल्यासारख्या.

पहिला संशय अर्थातच सुमनवर.

“मला देवघराची पायरी चढवंना अन् मी शिडीवर चढते व्हय?”

“मग मीच झोपेत चालत असेन.”

“तुमी जागेपणी चालत न्हाई, झोपेत काहून चालता?”

मग मी प्रयोग केला. प्रत्येक शेंड्याला लाल शाईचा ठिपका दिला. कमानीपासून खिडकीपर्यंतचं अंतर टेपने मोजलं—सात फूट. फाटकाला कुलूप, शिडी माझ्या खाटेखाली. सकाळी लाल ठिपके खिडकीच्या गजांवर होते.

“बाबा, राहू द्या ना,” पल्लवी हसून म्हणाली. “तिला इकडंच यायचंय.”

एका रविवारी दुपारी सुमन डिंक-खारीक आणायला बसने वसमतला गेली. पल्लवी जेवून झोपलेली. म्हटलं, हीच वेळ. सुमन परत येईपर्यंत छाटणी उरकायची आणि दोष शेळ्यांवर ढकलायचा. चोरासारखी शिडी खिडकीला लावली, वर चढलो, कैची उघडली...

आणि वेलीने मला धरलं.

मधुमालतीच्या जुन्या देठांचे काटे होतात, त्यात सदरा अडकतो. इथवर सायन्स बराबर आहे. पण डावी बाही सोडवली की उजवी अडके, कॉलर सोडवली की चष्मा. कैची खाली पडली. ओरडावं तर शेजारी जमणार, सुमनला कळणार. म्हणून पन्नाशी उलटलेला विज्ञानाचा मास्तर मुकाट लटकून राहिला. मान वळत होती ती फक्त खिडकीकडे. तिथे पानांत वीतभर फट पडली होती. ती मी पाडलेली नव्हती.

आत पल्लवी खाटेजवळ जमिनीवर पडली होती. डोळे माझ्याकडे, ओठ हलत होते, आवाज नव्हता.

पुढच्या क्षणी मी खाली होतो. काटे कसे सुटले, पायऱ्या उतरलो की उडी मारली... आठवत नाही. सदऱ्याचा एक धागा निघाला नव्हता. शेजाऱ्याच्या जीपमधून तिला वसमतला नेलं. बीपी भयंकर वाढलं होतं. “अजून अर्धा तास गेला असता तर अवघड होतं,” डॉक्टर म्हणाल्या. ऑपरेशन झालं. नात झाली. दोघी सुखरूप.

सुमन बाजारातून थेट दवाखान्यात आली, पिशवीसकट. पोरीला बघितलं, नातीला बघितलं, पदराने डोळे पुसले, मग माझ्याकडे वळली.

“पण तुमी भर दुपारी शिडीवर काय करून राहिले होते?”

“वेल... बांधत होतो.”

“व्हय का? अन् शेजारच्या नानीचा फोन आला व्हता. शिडीखाली कैची घावली म्हणे.”

मी नातीचं नाक कुणावर गेलंय, हा विषय काढला.

सगळे घरी आल्यावर सुमन स्वतःच म्हणाली, “आता मोकळी झाली पोर. कापा काय कापायचं ते.”

“नको.”

“काहून?”

“लेकरू लहान आहे अजून.”

हे कुठल्या शास्त्रात बसतं, ते मला विचारू नका. काटे, वारा, योगायोग—मी सगळं मांडून बघितलं. सुतळीच्या गाठी कशातच बसत नाहीत. सध्या वर्गात वनस्पतींचा धडा चालू आहे. ‘वेल प्रकाशाच्या दिशेने वाढते’ असं मी फळ्यावर लिहितो आणि पुढे कंसात ‘बहुतेक’ लिहितो. मुलं तेही वहीत उतरवून घेतात.