ओहोळाकाठचा नमस्कार

रानातली जनावरं परत येताहेत का ते पाहायला मी मनोरजवळच्या माझ्या जमिनीत, ओहोळाकाठी कॅमेरा बांधला. सुरुवातीला त्यात फक्त शेजारचे काका दिसत. पहाटेचं धुकं, कमरेला कोयता, टोपी काढून कॅमेऱ्याला जोडलेले हात.

"त्याला कशाला नमस्कार?" मी विचारलं.

"आमी निजतो तवा तो जागा ऱ्हातो ना? मंग!"

एकदा फोटोत त्याच जागी बिबट्या बसलेला दिसला. तो फोनवर दाखवला तेव्हा काकांनी चपला काढल्या आणि ते माझ्या फोनपुढे वाकले. "वाघोबा आला. आता ही वाट त्याची हाय."

तेव्हापासून ते टेकडीला वळसा घालून शेतावर जातात. कॅमेऱ्यात बिबट्या येतो, भेकर येतं. आणि मी धुक्यात टोपी काढून उभा असलेला माणूस शोधत बसतो.