भिगवणच्या बाजारातल्या कातरल्या कानांच्या मांजरी

आमच्या घरी फळ्यांवर रद्दी नव्हे, पत्रकं अंथरलेली असत. वडील प्रत्येक मोर्चातून उरलेला गठ्ठा घेऊन यायचे. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. त्यामुळे 'निषेध' हा शब्द मला 'नमस्कार'च्या आधी लिहिता आला. नव्वदच्या दशकात, बारामतीला कॉलेजात शिकत असताना, भिगवणच्या मासळीबाजारात आमच्या शेजारच्या मावशींवर अन्याय होतोय असं कळल्यावर मी काय केलं असेल ते सांगायला नको. पत्रक काढलं.

मावशी बाजारात दाराजवळच्या ओट्यावर चिलापी विकायच्या. साफ केलेल्या मासळीची आतडी, कल्ले जवळच्या मांजरांना टाकायच्या. मांजरं वाढत गेली. शिमग्यानंतर एका सकाळी लिलाव पुकारणाऱ्या आबांच्या डोळ्यांदेखत एका बोक्याने तराजूतला रोहू पळवला, आणि आबांनी तिथेच निकाल दिला.

"आखाडापतूर मांजरं कमी झाली न्हायत, तर तू ओटा सोडायचा. भाईर रस्त्याला बसायचं."

पुढे श्रावण, म्हणून आखाडात मासळीवर झुंबड पडते. तेव्हाच ट्रकांचा चिखल अंगावर घेत हायवेला बसलेल्या बाईकडे कोण येणार? मावशींचं घर त्या ओट्यावर चाललं होतं.

मांजर मारायची भाषा मात्र कुणी करत नव्हतं. मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे सगळ्यांना पाठ होतं. रीत एकच. मांजर पोत्यात घालायचं, ते वाट विसरेल इतकं पोतं गरागरा फिरवायचं आणि लांब नेऊन सोडायचं. आबांनी तसं एक पोतं वरकुटे गावाला जाणाऱ्या टेम्पोत चढवलं.

पुढच्या बाजाराला मी ओट्याशेजारी पत्रकं वाटत उभी होते. वरकुट्याचा एक शेतकरी वांगी उतरवून झाल्यावर इकडंतिकडं बघत शेडमागे एक पोतं मोकळं करताना दिसला.

"काय सोडलं ओ दादा?"

"मांजरं. आमच्याकडं अचानक लई झाल्यात. हितं मासं खातील, सुखात ऱ्हातील."

त्यातली दोन आम्ही ओळखली. आबांनीच पाठवलेली. बाकीची नवी होती.

मी त्वेषाने अजून पत्रकं छापली. मावशी त्यांत चिलापी बांधून देऊ लागल्या. "कागद चांगला हाय पोरी, वला झाला तरी फाटत न्हाय. अजून हायत का?" माझ्या लेखनाचं एवढं मनापासून कौतुक तोवर कुणी केलं नव्हतं.

शेवटी मी मावशींना घेऊन बारामतीच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, जिथे खायला मिळतं ती जागा रिकामी राहत नाही. जुनी मांजरं हलवाल, नवी येतील. त्यापेक्षा माद्यांचं ऑपरेशन करून त्यांना परत तिथेच सोडा. पिल्लं थांबतील आणि संख्या सावकाश उतरेल.

मावशींना एकच शंका होती. "डॉक्टर, ऑपरेशनला बी सोन्याचं मांजर द्यावं लागतं का?"

"जितीच परत नेणार ना? मग कशाचं मांजर नि कशाचं सोनं!"

मग आम्ही कामाला लागलो. मावशी आतडी सगळीकडे टाकायच्या बंद झाल्या. लिलाव उरकला की शेडमागे एकच घमेलं ठेवायचं, आणि जेवायला आलेल्या मांजरीवर कोंबड्या झाकायचं डालं पालथं घालायचं. बारामतीला मांजरं नेईल अशी रोजची गाडी एकच होती, एमआयडीसीतल्या डेअरीला दूध नेणारा टेम्पो. ड्रायव्हर मावशींचा भाचा.

"मावशे, दुधाच्या गाडीत मांजरं? लोक काय म्हनतील?"

"झाकणं घट्ट लाव, आन् गप चल."

ऑपरेशन झालेली मांजर पुन्हा धरली जाऊ नये म्हणून, ती गुंगीत असतानाच डॉक्टर तिच्या डाव्या कानाचं टोक कातरत.

आखाड लागला तसे आबा पाहणीला आले. मांजरं साधारण तेवढीच होती. पिल्लू एकही नव्हतं, पण आबा ते कशाला बघतील? त्यांना दिसले ते कान. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. कानावरची खूण म्हणजे मालकाची खूण, आणि दुसऱ्याच्या खुणेच्या जनावराला हात लावणारा चोर, हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं.

"ही खूण कुणाची?"

मी ऑपरेशन, लोकसंख्या आणि भूतदया यांवर बोलायला तोंड उघडलं. मावशींनी माझा पाय दाबला.

"माझी. आता घाला की पोत्यात, खुणेचं जनावर."

आबा थबकले. मग तेही हुशारीत म्हणाले, "तुझीच हायत तर तुझं ह्ये मांजरांचं खांड घेऊन भाईर बस."

"बसते की."

तेवढ्यात आबांच्या खुर्चीखालून त्यांच्या घरची गुबगुबीत मांजर आळस देत बाहेर आली. डावा कान कातरलेला.

"ही तर माझी हाय!"

"खूण बघा आबा. रोज माझ्या घमेल्यावर न्याहारीला यायची. मला काय म्हाईत कुणाची?" हे म्हणताना मावशींनी माझ्याकडे चुकूनही पाहिलं नाही. "भाईर जाताना हिला बी नेते. घरी वहिनीस्नी तुमीच सांगा."

सगळा बाजार आबांकडे बघत होता. वहिनी त्या मांजरीला आपल्या ताटातली साय घालतात, हे अख्ख्या भिगवणला ठाऊक होतं.

आबांनी मांजर उचलून काखेत धरली. "बस हितंच. पर एक जरी पिल्लू दिसलं, तर बघ!"

त्या आखाडात मावशींच्या ओट्यापुढे उभं राहायला जागा नव्हती. पिल्लू काही दिसलं नाही. माझी पत्रकं मात्र घरोघरी पोचली, चिलापीला गुंडाळून.