धाकूची जीभ आणि खडवलीचा माठ

डोंबिवलीच्या खाडीकाठचा धाकू दारुडा होता असं कुणी म्हणालं, तर खुशाल समजावं की त्या माणसाला दारूतलंही काही कळत नाही आणि माणसांतलंही. धाकू घोटभर चाखायचा. दुसरा घोट त्याच्या नशिबी क्वचितच यायचा, कारण पहिल्याच घोटाला त्याचं तोंड सुटायचं आणि यजमान त्याला ओटीवरून उठवायचा.

जन्म सगळा मिठागरात गेला, पण जिभेचं काही बिघडलं नाही. मोहाची दारू नुसती टेकवली की गडी सांगायचा, फुलं ओली होती, गूळ शिळा होता, आणि भट्टीवर बसलेल्या माणसाला मधेच डुलकी लागली होती. त्याला खोटं बोलता येत नव्हतं असं मुळीच नाही. मिठागराच्या मुकादमाला तो रोज नवी थाप मारायचा. पण घोट जिभेवर असताना खोटं बोललं की जीभ सडते, असं त्याच्या आज्याने लहानपणी सांगितलं होतं, आणि ते मात्र त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

या जिभेपायी त्याच्या एकुलत्या एका लेकीचं, बायजाचं, लग्न दोनदा मोडलं. त्या काळी सोयरीक जुळली की दोन्ही बाप एका चटईवर बसून एकमेकांना दारू देत. पहिल्या ठिकाणी धाकूने घोट घेतला आणि विचारलं, "पानी विहिरीचं घेतलंत, का म्हशी बसतात त्या डबक्याचं?" दुसऱ्या ठिकाणी तो फार जपून बोलला. "चांगली हाय," म्हणाला, "फक्त कालची उरलेली हिच्यात घातलीय." चटई गुंडाळली गेली, आणि बायजा घरी तोंड लपवून रडली.

तिसरं स्थळ आलं ते खडवलीचं. आवडाबाई नावाची विधवा बाई तिथे मोहाची भट्टी चालवायची. तिच्या लेकाने, जयाने, कल्याणच्या बाजारात बायजाची मिठाची पाटी उचलून डोक्यावर ठेवायला हात दिला होता, आणि तेवढ्यावरच दोघांचं मनातल्या मनात लग्न लागलं होतं. बायजाने बापाचे पाय धरले.

"बा, मना दुसरं कायपन नको. या डावाला तू गप रव."

"गप रवतो," धाकू म्हणाला, आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

आता एवढ्यावर सगळं सुरळीत व्हायचं की नाही? पण नाही! आगगाडी कल्याणात येऊन दोन तपं झाली होती, आणि सरकारला आता आमच्या माठांत नाक खुपसायला सवड मिळाली होती. वरून हुकूम आला की गावोगावच्या भट्ट्या बंद, तालुक्यात एकच ठेवायची, आणि तीही सगळ्यांत उत्तम असेल ती. ती निवडायला ठाण्याहून गोपीनाथपंत नावाचे कारकून आले. बिचारे इतके सोवळे, की मोहाच्या झाडाखालून जायची वेळ आली तरी छत्री उघडत. दारूची परीक्षा करायला त्यांना उसनी जीभ हवी होती. विचारावं त्याने धाकूचंच नाव घेतलं. ज्यांनी त्याला घरातून हाकललं होतं, त्यांनीसुद्धा.

अशी ही जोडी दमणीत बसून निघाली. पुढे बैल, मधे धाकू, आणि मागे नाकाला गुलाबपाण्याचा रुमाल लावलेले पंत.

पहिली भट्टी डोंबिवलीच्याच काळुरामाची. दारू पिण्याआधी बोटाने एक थेंब जमिनीवर शिंपडून मेलेल्या वाडवडिलांना द्यायचा, ही सगळ्यांचीच रीत होती. धाकूने बापाच्या नावाने थेंब शिंपडला, घोट घेतला, डोळे मिटले. "आच मोठी केलीस, काळ्या. घाई करतोस," म्हणाला, आणि उरलेला पेला एका दमात संपवून त्याने तो पुन्हा पुढे केला. काळुरामाला समजायचं ते समजलं. त्याला आनंदाने काय करावं सुचेना, म्हणून त्याने बैलांच्याच गळ्यात पडून घेतलं.

शहाडला रघूच्या भट्टीवर एक थेंब, एक घोट, आणि "गुलाचं पानी" एवढाच निकाल. रघू सोटा घेऊन धावला. दमणी तिथून जरा लवकर निघाली.

मग आली खडवली. आवडाबाईने अंगण सारवलं होतं. होणाऱ्या व्याह्यासाठी तिने पितळेचा पेला घासून ठेवला होता, जया नवं धोतर नेसून माठाशेजारी उभा होता. माठ आवडाबाईच्या माहेरचा, आईने दिलेला, जिवापेक्षा जपलेला. पण तिच्या माहेरी त्या माठात पिढ्यान् पिढ्या सुके बोंबील भरून ठेवत असत, आणि हे बाईने कधी मनावर घेतलं नव्हतं.

धाकूने पेला नाकाशी नेला आणि तसाच खाली घेतला. दारू नव्हतीच ती. ते बोंबलाचं कालवण होतं, आणि तेही पेटणारं. चाखलं तर बोलावं लागेल. बोललं तर बायजा गेली. खोटं बोललं तर जीभ गेली.

त्याने बापाच्या नावाने थेंब शिंपडला. मग आज्याच्या नावाने. मग पणज्याच्या. पेला अजून भरलेलाच! मग त्याने थेंब सोडून धारच धरली. खापरपणजा, त्याची बायको, तिचा बुडून मेलेला भाऊ... नावं संपली तेव्हा पेला रिकामा झाला होता. धाकूने सुटकेचा श्वास टाकला.

"अगो बाय!" आवडाबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "सगल्या घराण्याला पाजलीत, इवाय! माज्या दारूची अशी कदर कुनीच नाय केली." आणि तिने पेला पुन्हा काठोकाठ भरला.

धाकू आईच्या माहेराकडे वळला. मामा, आजोबा, मावशीचा नवरा. तिसऱ्या पेल्याला स्वतःचे मेलेले संपले, म्हणून त्याने शेजाऱ्यांचे घेतले. चौथ्याला तो मिठागराच्या जुन्या मुकादमावर आला, ज्याला त्याने जिवंतपणी पाणीही दिलं नसतं. अंगणात चिखल झाला. कोंबड्या त्या चिखलात टोचून झिंगायला लागल्या.

गोपीनाथपंत दमणीतून हे सगळं एकटक बघत होते, आणि त्यांच्या सोवळ्या डोक्यात प्रकाश पडला. "शाब्बास!" ते ओरडले. "बाकीच्या भट्ट्यांवर बापाला एक थेंब, आणि इथे अख्खी वंशावळ! शिवाय स्वतःला एक घोटसुद्धा ठेवला नाही. अहो, याहून उत्तम ती काय असणार? खडवलीचीच भट्टी ठेवायची. ठरलं!"

धाकूने तोंड उघडलं. समोर आवडाबाई साखर घेऊन उभी होती. जयाचे कान लाजेने लाल झाले होते. "या डावाला गप रव," बायजा म्हणाली होती. धाकूने तोंड मिटलं, आणि आवडाबाईने साखर त्याच्या मिटल्या ओठांवरच चोळली.

बायजाचं लग्न थाटात झालं. काळुरामाचा माठ सरकारच्या शिपायांनी त्याच्या डोळ्यांदेखत फोडला. दुसऱ्या दिवसापासून काळुराम धाकूच्या शेजारी मिठाच्या पाट्या वाहू लागला. तो कधी एक शब्द वाकडा बोलला नाही. बोलला असता तर धाकूला परवडलं असतं.

आणि लोकांचं काय झालं म्हणता? लोकांनी पहिल्या दिवशी तोंडं वाकडी केली. पण धाकूने घराणंच्या घराणं पाजलेली दारू वाईट आहे, असं म्हणायची कुणाची छाती? ज्याला त्याला वाटलं, बिघडली असेल ती आपलीच जीभ. हळूहळू सवय झाली. मग आवड लागली. कल्याणचे लोक म्हणायला लागले की खडवलीची घेतली की तोंडी लावायला वेगळी सुकट लागत नाही, केवढी सोय झाली!

लग्नाकार्यांत धाकूला कुणी पेला दिला की तो मुकाट्याने सगळा जमिनीवर ओतायचा. "कशी हाय?" कुणी विचारलं तर नुसती मान हलवायचा. झालं, गावाने त्याला पुण्यवान ठरवून टाकलं. कुणाच्या घरी आजारपण आलं की त्यालाच विचारायला यायचे, आमचा कुठला पूर्वज रागावलाय? धाकू काही बोलायचा नाही, आणि लोक त्या मौनाचाही अर्थ काढून समाधानाने घरी जायचे. घरात एकटा असला की मात्र तो रडायचा. लेकीचं भलं झालं, याचा त्याला आनंद होता. पण काळुरामाच्या नजरेला नजर देणं त्याला आयुष्यात पुन्हा जमलं नाही.

आवडाबाई म्हातारी होऊन वारली, भट्टी बायजाच्या हाती आली. धाकूचे केस तोवर पांढरे झाले होते. मधे काळुराम मिठागरातून अचानक नाहीसा झाला. कुठे गेला ते विचारायची धाकूला हिंमत झाली नाही. शिमग्याला बायजाने बापाला खडवलीला बोलावलं. अंगणात तो जुना माठ होताच, कारण तिने तो एकदा हलवला तेव्हा गिऱ्हाइकांनी दारूची चव गेली म्हणून दंगा केला होता. पण परसदारी आता एक छोटा, कोरा माठही मांडला होता. त्यातला पेला तिने बापापुढे ठेवला.

धाकूचा हात सवयीने जमिनीकडे वळला. बायजाने त्याचं मनगट पकडलं.

"आज्याला एक थेंब. बाकीची तू घे."

धाकूने हात सोडवायला बघितला.

"चार पेले चिखलात का ओतलेस ते मना लग्नाआधीच कललेलं, बा. मी गप रव म्हटलं, म्हनून तू जलमभर गप रवलास. माजा संसार झाला. आता बोल."

धाकूने एक थेंब शिंपडला. घोट घेतला. तो त्याने जिभेवर इतका वेळ धरला की बायजाला वाटलं, बापाला बोलायचं कसं तेच आता आठवत नाही. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"यो काळुरामाचा हात हाय," तो म्हणाला. मग तोंड वाकडं करून परसाकडे बघत त्याने आवाज चढवला, "आच मोठी केलीस, काळ्या! अजून घाईच करतोस!"

"म्हातारा मसनात जाईल, पन सुधरायचा नाय!" माठामागून काळुराम ओरडला, आणि डोळे पुसत पुढे आला.

बायजा हसता हसता रडायला लागली. धाकूने पेला संपवला आणि पुन्हा पुढे केला.