माल उतरवायची जागा

आमचे हे पंधरा वर्षं टेम्पो चालवतात, आणि एवढ्या वर्षांत पोटभर खाल्ल्यात त्या फक्त शिव्या. बसवाला देतो, मोटारवाला देतो, दुचाकीवरची शेंबडी पोरंसुद्धा देतात. का? तर म्हणे रस्ता अडवतो! अरे, तुमच्या घरातला फ्रिज काय आकाशातून पडला?

बाजारगल्लीत फ्रिजच्या दुकानासमोर माल उतरवायची जागा पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली आहे. तिथे दुकानदाराची स्वतःची मोटार दिवसभर ठाण मांडून असते. काढली तर शेजारचा आपली घुसवेल, ही भीती! मग टेम्पो उभा राहतो भर रस्त्यात, मागे गल्ली तुंबते आणि पोलीस पावती फाडतो ती ह्यांच्या नावावर. मागच्या खेपेला त्याने बजावलं, "आता सापडलास तर लायसन रद्द."

पुढच्या खेपेला मला बहिणीकडे जायचं होतं, म्हणून मी शेजारी बसले होते. मागे फ्रिज भरलेले, आणि जागेवर मोटार. हे थांबलेच नाहीत. गल्लीला वळसा घालून परत आले. मोटार तिथेच. पुन्हा वळसा. दुकानदार फुटपाथवरून हातवारे करत होता, "लाव ना मधेच! कोण खातंय तुला?"

"आधी मोटार काढा," हे म्हणाले.

"मला शिकवतोस?"

माझं डोकंच फिरलं. "रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का रे?" मी खिडकीतून ओरडले. तेवढ्यात टेम्पोच्या मालकाचा फोन आला, "माल उतरव, नाहीतर चावी आणून दे."

ह्यांनी फ्रिज गोदामात परत नेले आणि चावी मालकाच्या टेबलावर ठेवली.

घरी आल्यावर मी काही सोडलं नाही. "लायसन वाचवलंत, आता त्याचं काय लोणचं घालू?"

"लायसन असलं तर दुसरी गाडी मिळेल," हे म्हणाले. अजून मिळायचीय.

आज सकाळी फोन वाजला. माझा धाकटा भाऊ. मालकाने ह्यांचीच गाडी त्याला दिलीय, आणि त्या नालायकाने आम्हाला न विचारता घेतलीय! ह्यांनी फोन स्पीकरवर टाकला. मागे हॉर्नचा नुसता गदारोळ.

"भाऊजी, दुकानापुढे मोटार उभी आहे. मी लावू कुठे?"

"जागा नाही तिथे. चावी परत दे."

"असं कसं भाऊजी? घरी पोरं आहेत मला."

मग आमची काय दगडधोंडे आहेत? मी फोन हिसकावून घेतला. "लाव मेल्या भर रस्त्यात, आणि जाऊ दे तुझं लायसन!"