घासायची पावडर

आमच्या मामाचा विश्वास एकाच गोष्टीवर: घासण्यावर. नळांच्या कारखान्यात तो पॉलिशवाला होता. फिरत्या चाकाला हिरव्या पॉलिशची वडी लावायची आणि नळ असा चमकवायचा, की बघणाऱ्याला त्यात स्वतःचं वाकडं नाक दिसावं. त्याच्या मते जगात मळकट असं काही नसतंच. योग्य भुकटी मिळालेली नसते, इतकंच.

मामीच्या दातांपुढे मात्र त्याची मात्रा चालेना. तिच्या खालच्या दातांवर पिवळं कीटण चढलं होतं, म्हणून ती हसताना तोंडावर हात धरायची. मुळात बाई हसरी. विनोद तिला सगळ्यांच्या आधी कळायचा आणि हात त्याच्याही आधी वर जायचा. एके काळी तिच्या हसण्यानं शेजारी जागे व्हायचे. ते हसू मामाला परत हवं होतं.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "भुकटीनं वरचा मऊ थर जातो. कीटण म्हणजे दगड, तो यंत्रानंच निघतो. खरखरीत काही लावलंत तर कीटण राहील आणि दात झिजेल." पण यंत्राचं नाव काढलं की मामीची दातखिळी बसायची. "मशीन नळाला लावा," म्हणायची, "मी काय नळ आहे?"

मग मामानं स्वयंपाकघरातच कारखाना थाटला. खडूची पूड, खायचा सोडा, चिमूटभर मीठ, लवंग. सगळं कुटायचं, वस्त्रगाळ करायचं, मग चिमूटभर भुकटी नखांमध्ये धरून कानाशी चोळायची. करकरली की परत खलात.

"आवाज येता कामा नये," तो मला बजावायचा.

"मामा, दात घासायचेत की चोरी करायचीय?"

त्यानं माझ्यावर दात-ओठ खाल्ले.

अखेर करकर थांबली. मामानं डबा भरला आणि वर चिठ्ठी चिकटवली: 'घासायची पावडर'. आता आपल्या भाषेचा खट्याळपणा बघा. दातही घासायचे आणि भांडीही घासायची! मोरीतल्या डब्यावरही मामाच्याच अक्षरात हेच लिहिलेलं. त्यात कारखान्यातल्या हिरव्या वड्यांचा चुरा असायचा, पितळेसाठी. मामीनं फळ्या आवरताना दोन्ही डबे पुसले आणि ठेवताना अदलाबदल केली.

चष्मा लावायच्या आधी दात घासायची मामाची सवय. सकाळी त्यानं ओला ब्रश डब्यात बुडवला आणि मन लावून दात घासले. "आज लवंग कमी लागतेय," एवढंच पुटपुटला. तिकडे मामी पांढऱ्या भुकटीनं चहाचं पातेलं घासत होती.

मामा टेबलाशी आला, घोट घेतला आणि म्हणाला, "चहात लवंग घातलीस?"

त्याचे दात हिरवेगार होते.

मामीनं दातांकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. आणि हसली! खुर्ची दोन्ही हातांनी धरून, नाहीतर पडलीच असती. तोंडावर धरायला तिसरा हात नव्हता. मी तर जमिनीवर लोळत होतो.

"दात काय काढताय?" मामा खेकसला. मग पुढे वाकला. मामीचं तोंड उघडं होतं आणि त्याला पहिल्यांदाच कीटणाच्या मुळाशी सुजलेली, लालभडक हिरडी दिसली.

"दुखतं?" त्यानं विचारलं.

"दुखतं तर."

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, तुम्ही एवढ्या हौसेनं कुटत होता."

 मामानं चहा तसाच ठेवला आणि तो चपला शोधायला लागला.

"चल. डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत आधी मी बसतो."

"तुम्हाला बघून बाई हसल्या आणि त्यांचा हात हलला म्हणजे?"

"तर माझा दात जाईल. तू चल."

दोघं निघाले. जिन्यात शेजारीण भेटली, तसा मामानं पटकन तोंडावर हात धरला. मामीनं तो खाली ओढला.

"राहू द्या," ती म्हणाली, "छान दिसताय."