साडूंचा स्वीडिश बँड

माझ्या थोरल्या साडूंइतका बिनकामाचा हट्ट धरून बसलेला मराठी माणूस उभ्या युरोपात दुसरा सापडणार नाही. हॉलंडमधल्या आइंडहोव्हनच्या चिप-कंपन्यांतले आमचे बाकीचे लोक संध्याकाळी शेजारच्या न्यूनेन गावी घरी परतले की घर, शाळा, भारताची तिकिटं असल्या माणसासारख्या विषयांवर बोलतात. साडू गराज रॉकवर बोलतात. ऑफिसच्या कामासाठी ते पंधरा दिवस स्वीडनला गेले, तिथल्या कुठल्याशा हॉलमध्ये चौघांना गिटार आणि ड्रम बडवताना त्यांनी पाहिलं आणि ते परतले तेच मुळी अनुग्रह घेतल्यासारखे. तो बँड खुद्द स्वीडनमध्येही कुणाला ठाऊक नसावा. मला विचाराल तर ते संगीत म्हणजे पत्र्याची कपाटं जिन्यावरून गडगडत खाली आल्याचा आवाज.

बरं, स्वतः ऐकावं आणि गप्प बसावं, तर तेही नाही. तो बँड रेडिओवर लागलाच पाहिजे! गावात हौशी मंडळींनी चालवलेलं एक छोटं रेडिओ केंद्र आहे. त्याच्या शनिवार दुपारच्या फर्माईशीच्या कार्यक्रमाला साडू सहा वर्षं फोन करत होते. कधी स्वतःच्या नावाने, कधी ताईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या. एकदा तर पुण्याहून आलेल्या आमच्या सासूबाईंना त्यांनी त्या बँडची जुनी चाहती करून टाकलं. सासूबाई शेजारीच मटार सोलत होत्या. "माझं नाव कशाला घेताय हो?" "काही नाही आई, तुमची चौकशी करताहेत." निवेदिका आवाज ओळखून होती. ती गोड बोलून फोन ठेवायची आणि दुसरंच काहीतरी लावायची. या खटाटोपात साडूंचं डच मात्र वाढलं, तेही फक्त ड्रम आणि गिटारपुरतं. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, पोटदुखी सांगायला अजून ताईंनाच बरोबर जावं लागतं.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा कुणीतरी भाबडेपणाने स्पीकर साडूंच्या ताब्यात दिला. महाप्रसादाच्या रांगेत कपाटं गडगडली, दोन तान्ही मुलं एकदम किंचाळली. मी वैतागून म्हणालो, "अहो, फोनवर हवं तेव्हा ऐकता येतं की! रेडिओचंच काय अडलंय?"

"आपण लावलं तर ते आपल्याच घरात वाजतं रे," साडू म्हणाले. मी मनसोक्त हसलो.

गेल्या वसंतात निवेदिकेचाच त्यांना फोन आला. ती निवृत्त होत होती. "शेवटच्या कार्यक्रमाला तुम्हीच या. गाणं लावते." साडूंनी पान भरून डच भाषण पाठ केलं, शर्टाला दोनदा इस्त्री केली, आणि वाटेत भाषण घोकायचं म्हणून गाडी मला चालवायला लावली. स्टुडिओ म्हणजे वाचनालयाच्या माडीवरची एक खोली. माइक समोर आला आणि साडू सगळं विसरले. "मी इथे चौदा वर्षं राहतो," ते कसंबसं म्हणाले. "हे गाणं तुम्हीही ऐकावं, असं वाटतं."

अडीच मिनिटांत गाणं संपलं. लगेच स्टुडिओतला फोन वाजला. गावातल्या एक म्हाताऱ्या बाई संतापल्या होत्या. हा कसला गोंगाट? माझं मांजर घाबरून सोफ्याखाली शिरलंय! निवेदिकेने हसत हसत फोन साडूंच्या हाती दिला. आता हे माफी मागणार, म्हणून मी मजा बघायला सरसावलो.

"बाई, पूर्ण ऐकलंत?" साडूंनी विचारलं.

"ऐकलं की. पण तो माणूस त्यात म्हणतो तरी काय?"

साडू खुर्चीत सावरून बसले आणि अडखळत, हातवारे करत, त्यांच्या त्या ड्रम-गिटारच्या डचमध्ये सांगू लागले. पलीकडून प्रश्न येत होते, साडू हसत होते, पुन्हा सांगत होते. टिंगलीचं एक वाक्य मी जिभेवर तयार ठेवलं होतं. ते सोडून मी खुर्ची पुढे ओढली आणि ऐकू लागलो. तो माणूस म्हणतो काय, हा साधा प्रश्न इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकानेही त्यांना विचारला नव्हता.