पिकलेलं अंडं

अंड्याला काजळ लावायची आमच्या सासरची रीत होती. आता सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. पण ज्यानं कोंबडी अंड्यांवर बसवली आहे, त्याला यात हसण्यासारखं काही दिसणार नाही. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायची थांबून पिसं फुगवून एका जागी ठाण मांडून बसायला लागली, की टोपलीत तणस घालायची. वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून लोखंडाचा एक खिळा ठेवायचा. मग नऊ नाहीतर अकरा अंडी मांडायची. सम आकडा बाईला चालायचा नाही. त्यावर ती एकवीस दिवस बसते. पण बाकीच्या कोंबड्या महाबिलंदर. खुडूक कोंबडी दाणे टिपायला चार पावलं उठली रे उठली की दुसरी त्याच टोपलीत आपलं अंडं टाकून मोकळी. ते नवं अंडं ओळखून त्याच दिवशी काढलं नाही तर सगळा घोटाळा. म्हणून बसवलेल्या प्रत्येक अंड्यावर काजळाचा ठिपका. ठिपका नसलेलं दिसलं की काढा आणि खा. काही घरी कोळशाची रेघ मारत, पण कोळसा कोंबडीच्या पोटाखाली पुसला जातो. शिवाय काजळ लावलं की नजर लागत नाही, असं बाईचं म्हणणं.

बाई म्हणजे माझी सासू. सगळं गाव तिला बाईच म्हणायचं, म्हणून मीही. स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. आमचं घर चिमूरकडच्या एका तलावाच्या पाळीखाली. नवरा तलावात जाळं टाकायचा, धानाच्या दोन बांध्याही, म्हणजे भातखाचरं, होत्या. बाई मासोळी घेऊन बाजाराला जायची. कोंबड्या माझ्याकडे होत्या. मी चौथी शिकलेली होते, त्याचा कोंबड्यांना काही उपयोग नव्हता.

काजळाची डबी घरात एकच होती, पितळेची, झाकणाला पोच आलेली. बाई विधवा, ती काजळ घालायची नाही. मलाही सवय नव्हती. त्या डबीतलं काजळ फक्त दोन ठिकाणी लागायचं, अंड्यांना आणि माझ्या पोरीला.

पोरगी आठ महिन्यांची होऊन गेली. दोन दिवसांचा ताप. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जरा हसली, म्हणून मी तिचं अंग पुसलं, डोळ्यांत काजळ घातलं, गालाला एक तीट लावली आणि तळपायाला एक. दुपारी ती गेली. पाळीपलीकडे नेली तेव्हा गालावरची तीट तशीच होती, जराही पुसली नव्हती. नजर लागू नये म्हणून लावलेली!

मी रडले नाही. मोठेपणा म्हणून सांगत नाही, रडू येतच नव्हतं. झोपेत हात अंगाखाली दबला की तो आपला वाटत नाही ना, तसं माझं सगळं अंग झालं होतं. मासोळी निवडायची, निवडली. अंगण सारवायचं, सारवलं. भात अळणी झाला की खारट, मला कळत नसे. नवऱ्याला कळत असेल, पण तो मान खाली घालून जेवायचा. शेजारच्या बाया येऊन म्हणायच्या, "रड व माय, मोकळी होशीन." मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची आणि मनात म्हणायची, आता उठा आणि घरी जा. पोरीचं नाव घरात कोणी घेईना. बाई घेईना, नवरा घेईना. मीही घेईना.

माघात एक कोंबडी खुडूक झाली. बाजाराला निघताना बाईनं डबी माझ्या हातात ठेवली. "अकरा मांड. अन् काजर लाव, विसरू नको."

मी अकरा अंडी मांडली. डबी हातात घेतली आणि उभी राहिले. झाकण उघडेना. घट्ट नव्हतं हो ते, माझं बोटच पुढं जाईना. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी डबी तशीच कोनाड्यात ठेवून दिली.

संध्याकाळी बाईनं विचारलं, "लावलं?"

"हाव," मी म्हटलं.

आमची गावठी अंडी सगळी एका रंगाची, मळकट पांढरी. त्यातलं जुनं कोणतं आणि नवं कोणतं, ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. एकविसाव्या दिवशी टोपलीत सोळा अंडी होती. चार फुटली. ती चार पिल्लं घेऊन कोंबडी उठून गेली, बाकीची थंड पडली. बाईनं ती उकिरड्यावर नेऊन एकेक फोडून पाहिली. काहींत नुसताच बलक होता. काहींत पिल्लं होती, पिसं आलेली, एक-दोन दिवस कमी पडलेली. मी शेजारी उभी राहून पाहिलं आणि मला काही वाटलं नाही. भीती मात्र वाटली. हे पाहूनही मला काही होत नाही, याची.

"काजर कुठी आहे?" बाई ओरडली. "एकाले तरी आहे का? खोटं काऊन बोलली? हाताले का झालं होतं तुह्या?"

"विसरली."

"विसरली म्हंते! कोंबड्याईले आता हात नको लावू. मी पाहीन."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर पोचेपर्यंत माझ्याआधी बोलणं पोचलं होतं. हिच्या हाताचं जगत नाई. माझ्या तोंडावर कोणी म्हटलं नाही. मी गेल्यावर गप्प झाल्या, तेवढं पुरे होतं.

बाईला बाजारातून सवड नव्हती, म्हणून कोंबड्या अजून माझ्याकडेच होत्या. ते एकच काम होतं ज्याच्यासाठी मी सकाळी अंथरुणातून उठत होते. त्यांना सोडायचं असतं, त्या ओरडतात, म्हणून उठायचं. ते हातातून गेलं असतं तर मी उठलेच नसते, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि ते ठेवायचं तर डबी उघडायला हवी होती. ती माझ्यानं उघडणार नव्हती.

उन्हाळ्यात मानमोडी आली. कोंबड्यांच्या माना वळायच्या आणि दोन दिवसांत खेळ खलास. गावात घरोघरी खुराडी रिकामी झाली. आमची एक म्हातारी गावठी कोंबडी तेवढी वाचली.

मग ब्लॉकचा ग्रामसेवक आला. ब्लॉक, म्हणजे सरकारचं गावसुधारणेचं खातं, नवीनच निघालं होतं. सायकलच्या मागं दोन टोपल्या बांधून हा माणूस घामाघूम होऊन मोहाच्या झाडाखाली उतरला आणि गाव जमा झालं. एका टोपलीत पांढरी कोंबडी, दुसरीत लाल. ज्याला पाहिजे त्या घराला एका जातीचा एक कोंबडा आणि दोन कोंबड्या मिळणार. अट एकच, गावात उरलेले गावठी कोंबडे काढून टाकायचे, मिसळ होऊ द्यायची नाही.

"या लालीचं नाव का, साहेब?"

"रोड आयलंड."

"रोड? बाप्पा! एवढी भल्ली जाड अन् नाव रोड? रोड तं आमची बायको आहे!" सगळे खो खो हसले. ती बायको तिथंच उभी होती, तिनं काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

ग्रामसेवकानं खिशातून जपून दोन अंडी काढली. पांढरीचं अंडं दुधासारखं पांढरं. लालीचं पाहायला लोक पुढं सरकले. गडद तपकिरी, भाजलेल्या कवेलूसारखं, कौलासारखं. असं अंडं आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं.

एक म्हातारा ते उन्हात धरून म्हणाला, "हा पिकलेला दिसते."

"मंग पांढरा कच्चा असन," दुसरा म्हणाला.

यावर खरोखर वाद झाला. तेंदूची टेंभरं कशी पिकल्यावर रंग बदलतात, तसं कोंबडीच्या पोटात अंडं पिकू द्यायचं की आधीच काढायचं, इथपर्यंत गाडी गेली. ग्रामसेवकानं कपाळाला हात लावला. "अहो, अंडं झाडाला लागत नाही! रंगानं काही फरक पडत नाही. पांढरी जास्त अंडी देते. लाल जरा दणकट. खुडूक मात्र दोन्ही सहसा होत नाहीत, बसवायला गावठीच लागेल."

"हा जळल्यावानी दिसते," बाई म्हणाली. "आपल्याले पांढरीच लिहा."

ते अंडं हातोहात फिरत माझ्यापाशी आलं. मी पदर ओढून मागं उभी होते. हातात घेतलं आणि डोक्यात एकच गोष्ट आली. हे दहा गावठी अंड्यांत ठेवलं तर आंधळ्यालाही ओळखू येईल. याला काही लावावं लागणार नाही.

"लाल घ्या," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. कितीतरी महिन्यांत मी कोणाला काही मागितलं नव्हतं. आणि परक्या माणसासमोर, सासूचं बोलणं तोडून! बाया पदराआडून माझ्याकडे बघायला लागल्या.

"काऊन?" बाईनं विचारलं.

खरं कारण काय सांगणार? तोंडाला आलं ते बोलले. "पिकलेला अंडा असते."

काय हसले लोक! ग्रामसेवकही हसला. पुढं कितीतरी वर्षं मला गावात पिकलेल्या अंड्यावाली म्हणत. बाई हसली नाही. ती माझ्याकडे नुसती पाहत राहिली. नवरा पुढं होऊन म्हणाला, "लाल लिहा, साहेब. तिनं मांगतलं आज काहीतरी."

लाल कोंबड्या आल्या आणि सहा महिन्यांनी अंडी द्यायला लागल्या. म्हातारी गावठी खुडूक झाली तेव्हा बाई टोपलीशी येऊन उभी राहिली. मी अकरा गडद अंडी मांडलेली होती.

"डबी?" बाई म्हणाली.

"कायले? दिसून तं राह्यलं."

बाईनं वाकून पाहिलं. मग निघून गेली. आमच्या लाल दोघींना मी वेगळं कोंडून ठेवलं होतं. मधल्या दिवसांत शेजारच्या घरची एक पांढरी कोंबडी येऊन त्यात तीनदा फिकं अंडं टाकून गेली, तिन्ही मी लांबूनच ओळखून काढली. नऊ पिल्लं निघाली. विहिरीवरचं बोलणं बंद झालं. कोंबड्या माझ्याकडेच राहिल्या, मी रोज सकाळी उठत राहिले. आनंद झाला का? नाही. पिल्लं पायात यायची, मी त्यांना कणी टाकायची, एवढंच. पण उठत होते.

अशी दोन-तीन वर्षं गेली. लाल जात काही शुद्ध राहिली नाही. एका घरानं देवीच्या नवसाचा म्हणून गावठी कोंबडा लपवून ठेवला होता. नवसाचा कोंबडा सरकारला द्यायचा नसतो, हे आमच्या गावात कोणालाही विचारा. तो कुंपण ओलांडून यायचा. नव्या तलंगांची, म्हणजे नुकत्या अंड्यावर आलेल्या कोंबड्यांची, अंडी फिकी होत गेली, आधी चहासारखी, मग दुधाच्या चहासारखी. जुन्या दोघी म्हाताऱ्या झाल्या, त्यांचाही रंग उतरला. मी रोज अंडं उचलून उन्हात धरायची. आणखी किती दिवस, एवढाच हिशोब.

आणि एक दिवस खुडूक कोंबडीखाली अकरा अंडी मांडून, तिला टोपलीत जरा बाजूला सारून मी बघत बसले. सगळी मळकट पांढरी. एकही ओळखू येत नव्हतं.

बाई मागून आली. तिनं पाहिलं, आत गेली आणि कोनाड्यातली डबी आणि तेलाची बुधली घेऊन आली. मी हात मागं घेतले. ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली, गुडघे दाबत, आणि झाकण तिनंच उघडलं.

काजळ सुकून त्याला भेगा पडल्या होत्या. मधोमध एक खळगा होता. माझ्या बोटाचा, त्या सकाळचा. त्यानंतर त्या डबीला कोणीच बोट लावलं नव्हतं.

"पिकलेला अंडा म्हंते," बाई हळूच म्हणाली. "मी का येडी आहो व?"

मी टोपलीतलं एक अंडं उगीच फिरवलं.

मग तिनं विचारलं, "कोन्या गालाले लावली होती?"

तीन-चार वर्षांत या घरात पोरीबद्दल कोणी काढलेला हा पहिला शब्द. मी सांगायला तोंड उघडलं आणि मला आठवेना. डावा की उजवा? मीच लावली होती. याच बोटानं. इतकी वर्षं जिला घाबरून मी डबी उघडली नाही, ती तीट कोणत्या गालावर होती तेच मला आठवत नव्हतं. मी माझ्याच गालांना हात लावून पाहिला, इकडे आणि तिकडे.

"डाव्या," बाई म्हणाली. "डाव्या गालाले. अन् उजव्या तळपायाले. मले दिसते रोज."

तेव्हा मी रडले. ओरडूनच रडले, लहान पोरासारखी, आणि थांबता येईना. कोंबडी घाबरून टोपलीतून उडाली आणि अंगणभर ओरडत सुटली. बाईनं एक हात माझ्या पाठीवर ठेवला होता. दुसऱ्या हातानं तिनं डबीत तेलाचे दोन थेंब टाकले आणि बोट बुडवून अंड्यांना ठिपके लावायला सुरुवात केली, कारण अंडी थंड होत होती.